घरात कुत्र्याचं पिल्लू येतंय? सांगलीकडच्या घरांसाठी नेहमीचे प्रश्न

आमची तांबी आता पाच वर्षांची आहे. अडीच महिन्यांची असताना आमच्याच घरात, आमच्याच हातानं तिचा जीव जायची वेळ आली होती. तेव्हापासून गल्लीत, भावकीत कुणाकडे पिल्लू येणार असलं की मला फोन येतो. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून एकदा सगळे लिहून काढले. मी डॉक्टर नाही. इथलं बरंचसं तांबीच्या डॉक्टरांकडून शिकलेलं आहे, काही स्वतःच्या चुकांतून. पिल्लू आजारी वाटलं तर हे वाचत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

पिल्लू किती दिवसांचं झाल्यावर घरी आणावं?

आठ आठवडे पुरे झाल्यावर. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकताही येत नाही. तरी "दीड महिन्याचं आहे, घेऊन जावा, माणसाळतं लवकर" असं सांगणारे भेटतात. ऐकू नका. आईजवळ आणि भावंडांत राहूनच पिल्लू किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हे शिकतं. जत-आटपाडीकडून कारवानी आणणार असाल तर एक गोष्ट जास्तीची: हे पळणारं कुत्रं आहे. ससा, मांजर, सायकल, काहीही हललं की मागे सुटतं. चार महिन्यांतच तुमचं कंपाउंड त्याला कमी पडायला लागतं.

घराची तयारी कुठून सुरू करायची?

फरशीवर पोटावर झोपा आणि त्या उंचीवरून घर बघा. मला हे सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. शेवटी एका दुपारी सोप्यातल्या दिवाणाखाली बॅटरी मारून पाहिलं. एक तापाची गोळी निम्म्या पाकिटासकट, रिमोटमधून पडलेला बटणासारखा सेल, दोरा ओवलेली सुई, दोन रबरबँड आणि आंब्याची वाळलेली कोय. रोज झाडणाऱ्या घरात! यातली प्रत्येक वस्तू पिल्लाच्या पोटात गेली तर ऑपरेशनपर्यंत वेळ येऊ शकते. सेल अन्ननलिका भाजतो. दोरा आतड्यात अडकला की आतडं गोळा होत जातं. कोय आणि मक्याच्या कणसाचा बुरकुंडा तर हमखास अडकतो.

सगळं घर एकदम मोकळं करणं कुणालाच जमत नाही. म्हणून एक खोली किंवा सोप्याचा एक कोपरा आधी पक्का करा, तिथे पिल्लाचं अंथरूण आणि पाणी ठेवा, आणि पहिले दोन आठवडे तुमचं लक्ष नसेल तेव्हा त्याला तिथेच राहू द्या. बाकीचं घर हळूहळू उघडा.

बेदाणे कुत्र्याला खरंच चालत नाहीत? आमच्याकडे तर घरभर असतात.

चालत नाहीत. एकसुद्धा देऊ नका. इथलं बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचाच, कारण ही चूक आमच्या घरात झाली.

मार्चचे दिवस होते. तासगावकडच्या पाव्हण्यांच्या शेडवरून बेदाण्याची पिशवी आली होती. पोरं दुपारी एक-एक बेदाणा हवेत उडवायची आणि तांबी उडी मारून झेलायची. सगळे हसत होतो, मीही. रात्री नऊच्या सुमाराला तिला उलटी झाली. उलटीत बेदाणे होते, पाणी पिऊन द्राक्षाएवढे फुगलेले. नंतर दोनदा नुसता फेस. मग ती कोपऱ्यात जाऊन बसली ती उठेचना. डॉक्टरांना फोनवर सांगितलं तसा त्यांचा आवाजच बदलला. "वजन किती आहे?" त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. तीन दिवस सलाईन, रोज रक्त काढून किडनीची तपासणी आणि लघवी होतेय का त्यावर नजर. ती वाचली. सगळी वाचत नाहीत.

द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. द्राक्षातलं टार्टरिक आम्ल याला कारणीभूत असावं, असं पशुवैद्यक आता मानतात. कुत्र्याच्या शरीराला ते नीट बाहेर टाकता येत नाही. हेच आम्ल चिंचेतही असतं, म्हणून चिंचही लांब ठेवा. किती खाल्लं तर धोका, याचा भरवशाचा आकडा नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, एखाद्याला थोड्याशानंच त्रास होतो. बेदाणा द्राक्षापेक्षा जास्त घातक, कारण साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. चार दाण्यांतलं एका दाण्यात येतं.

"आमच्या शेडवरची कुत्री वर्षानुवर्षं रॅकखाली पडलेलं खातात, काही होत नाही" हे मला कितीजणांनी ऐकवलंय. त्यातली किती कुत्री मधेच "आजारी पडून गेली" आणि कशानं गेली, हे कुणी तपासलं? उलटी साधारण पहिल्या बारा तासांत होते. किडनीचा त्रास एक ते तीन दिवसांनी दिसतो, तोवर बेदाण्याची गोष्ट घरात कुणाच्या लक्षातही राहिलेली नसते.

खाल्लेलं कळलं की उलटीची वाट बघू नका, लगेच निघा. पहिल्या दोनेक तासांत डॉक्टर उलटी करवून बरंचसं बाहेर काढू शकतात.

मग देवाचा प्रसाद, फराळ?

नेमकं तिथेच बेदाणे लपलेले असतात. पंचखाद्यात, प्रसादाच्या शिऱ्यात, दिवाळीच्या चिवड्यात, बासुंदीत. पाहुण्यांना हे माहीत नसतं आणि "घे रे बाळा" म्हणत ते प्रेमानं हातावरचा प्रसाद पुढे करतात. गणपतीत आणि दिवाळीत पिल्लू आतल्या खोलीत ठेवा, किंवा दारातच सांगा. सांगायला संकोच वाटू देऊ नका.

चॉकलेट नको, जितकं गडद तितकं वाईट. कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आपलं कालवण, आमटी, रस्सा सगळंच बाद. मटण-चिकनची शिजलेली हाडं काचेसारखी फुटतात. बिनसाखरेचं च्युइंगम आणि काही टूथपेस्ट यांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्यानं अर्ध्या तासात कुत्र्याची साखर धोकादायक उतरू शकते. चहाही नको. भात, साधं उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, गाजर, थोडं ताक-दही बहुतेक पिल्लांना चालतं. गाईचं दूध वाटीभर पाजलं की बऱ्याच पिल्लांना जुलाब लागतात.

काही विषारी खाल्लं तर मीठ-पाणी पाजून उलटी करवायची ना? आमचे आजोबा तसंच करायचे.

करू नका. मिठाचं पाणी जास्त गेलं तर लहान पिल्लू मिठानंच दगावू शकतं. घशात बोटं घालणं, तेल पाजणं, ताक पाजणं हेही नको. ॲसिड, रॉकेल, फिनाईल असलं काही गेलं असेल तर उलटीनं घसा आणि फुप्फुसं पुन्हा भाजतात. उलटी करवायची का, हे डॉक्टरच ठरवतील. तुम्ही एवढंच करा: तोंडात उरलेलं काढा, पाकीट किंवा डबी सोबत घ्या, किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवा आणि निघा.

घरातली आणखी कुठली वस्तू आपण सहज विसरतो?

तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. आपल्याकडे ती खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात, उशाखाली, नाहीतर कट्ट्यावर असते. पिल्लाला वास लागला की ते पुडी चावून फोडतं. निकोटिनानं लाळ, उलट्या, थरथर, झटके असं भराभर होत जातं, वेळ फार थोडा मिळतो. मशेरीचंही तेच. चुना डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजतं. डोळा साध्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धूत राहा आणि मग दवाखान्यात जा.

देव्हाऱ्यातला कापूर, कपाटातल्या डांबर गोळ्या, डोकेदुखीचा बाम हे सगळं वर ठेवा. कापरानं कुत्र्याला झटके येतात. आणि माणसाची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. पिल्लाचं अंग तापलंय म्हणून मायेनं पॅरासिटामॉल नाहीतर अंगदुखीची आयब्युप्रोफेन देणारे मी पाहिलेत. या गोळ्या कुत्र्याच्या यकृताला, जठराला, किडनीला झेपत नाहीत.

फरशी पुसायला फिनाईल वापरत असाल तर फरशी पूर्ण वाळल्यावरच पिल्लू सोडा. ते पाय चाटतं आणि फरशीवरचं सगळं पोटात जातं.

घरात उंदीर आहेत. औषध ठेवलं तर चालेल का, पिल्लाला पोचणार नाही अशा जागी?

नको. उंदीर ते औषध ओढून कुठेही नेतो, आणि औषध खाल्लेला उंदीरही पिल्लाच्या तोंडात जाऊ शकतो. वड्यांच्या रूपात मिळणारी बरीच औषधं रक्त गोठू देत नाहीत. त्याचा त्रास तीन-चार दिवसांनी दिसतो, तोवर पिल्लू खेळत असतं आणि आपण निर्धास्त. याला के-१ जीवनसत्त्वाचा उपचार आहे, पण वेळेत कळलं तर. शेतात वापरतात ती काळपट भुकटी, झिंक फॉस्फाईड, पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू सोडते. ती गेली असेल तर दूध-भात काही खाऊ घालू नका, खाण्यानं आम्ल वाढतं. पिल्लाला नेताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा, उलटी झालीच तर तो वायू तुम्हालाही बाधतो.

पिंजरा लावा. दाणे-धान्य झाकून ठेवा.

आमचं घर मळ्यातच आहे, भोवती द्राक्षबाग. काय काय बघायचं?

मळ्यातलं पिल्लू भाग्यवान, पण त्याला सांभाळणंही जास्त.

फवारणीच्या दिवशी पिल्लू बागेत नको, दुसऱ्या दिवशीही नको. पंपाचं पाणी साठलेला खड्डा, औषध कालवलेली बादली, रिकामे डबे, मोरचूद भिजवलेलं पिंप, सगळीकडे ते तोंड घालतं. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला डोळे फुटावेत म्हणून जे औषध लावतात ते माणसाच्या कातडीलाही भाजतं, पिल्लाच्या नाकाची काय कथा. औषधाची खोली कुलपात हवी. कडी पुरत नाही, कारण कडी लावायला कुणीतरी विसरतंच.

गोठ्यातल्या जनावरांच्या गोचिडांचं औषध पिल्लाला लावायचं, हा खेड्यातला सरसकट प्रकार. ते म्हशीच्या वजनाला मोजलेलं असतं. दोन-तीन किलोच्या पिल्लाला ते अंदाजानं चोळलं की लाळ गळणं, थरथर, झटके. पिल्लांसाठी वेगळं औषध मिळतं, वयाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे. गोचिडांकडे दुर्लक्ष मात्र करू नका, त्यांच्यापासून होणारा ताप कुत्र्याला आतून पोखरतो. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली बघत जा.

विहिरीला कठडा नसेल, शेततळ्याला कुंपण नसेल, तर पिल्लू तिकडे एकटं जाणार नाही एवढी सोय आजच करा. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय टिकत नाही. पोहता येणारं कुत्रंही दमून बुडतं.

साप शिराळ्यातच असतात असं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांतलं काही ना काही प्रत्येक मळ्यात आहे. पिल्लू हुंगायला जातं, म्हणून दंश बहुधा थोबाडावर किंवा पुढच्या पायावर होतो. जळण, विटा, कडब्याची वळई घराला चिकटून ठेवू नका. दंश झाला तर चिरू नका, बांधू नका, पिल्लाला चालवूही नका. उचलून दवाखान्यात न्या. माणसाला देतात तीच सर्पविषाची लस कुत्र्यालाही चालते, म्हणून जवळच्या कुठल्या डॉक्टरांकडे ती असते हे पावसाळ्याआधी विचारून ठेवा.

पिल्लू वायरी कुरतडतं. कसं थांबवायचं?

दात येत असतात. अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांपर्यंत ते कुरतडणारच. ओरडून थांबत नाही. वायरी उंचावर घ्या किंवा पाइपमधून न्या. इन्व्हर्टरच्या मागची जागा पत्र्यानं किंवा फळीनं बंद करा. बादलीत हीटरची कॉइल टाकून पाणी तापवायची सवय असेल तर न्हाणीचं दार लावून घ्या. कुरतडायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्या. ओला फडका पिळून, फ्रीजरमध्ये कडक करून दिला की तांबी तासभर गप्प असायची.

शॉक बसला तर आधी मेन स्विच बंद, मग पिल्लाला हात. नंतर ते उठून हिंडायला लागलं तरी डॉक्टरांना दाखवा, कारण फुप्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकतं.

गच्ची, जिना, गेट?

कठड्याच्या गजांतून पिल्लाचं डोकं जात असेल तर अंगही जातं. जाळी बांधा. गेटखालच्या फटीला फळी मारा. गाडी मागे घेण्याआधी खाली वाकून बघा, दर वेळी. उन्हाळ्यात पिल्लू गाडीच्या सावलीतच झोपतं.

अंगणातली कुठली झाडं काढायची?

कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांनी हृदय बंद पडू शकतं. देवाला फुलं लागतात म्हणून झाड ठेवायचं असेल तर बुंध्याभोवती जाळी करा आणि गळलेली पानं-बिया रोज उचला. एरंड, धोतरा, गुंज ही परड्यात आपोआप उगवतात, ती उपटा. नव्या बंगल्यांच्या दाराशी हौसेनं लावतात तो सायकस मला सगळ्यांत जास्त खटकतो. दिसायला देखणा, पण त्याचं बी यकृताची वाट लावतं. मनी प्लांट, डिफेनबेकिया यांनी तोंडाची आग होते, कुंडी उंचावर टांगली की झालं. तुळस, जास्वंद, मोगरा असू द्यात.

लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचंच नाही का?

कडेवर घेऊन जरूर न्या. भाजी मंडईचा गलका, रिक्षाचा हॉर्न, आमराईत खेळणारी पोरं हे सगळं या वयात बघितलेलं पिल्लू पुढे घाबरट होत नाही. रस्त्यावर, मैदानात, दुसऱ्या कुत्र्यांच्या हागणदारीत मात्र खाली सोडू नका.

कारण पार्व्हो. उलट्या, रक्ताचे घाणेरडे वास येणारे जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हाताशी राहत नाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटची सोळा आठवडे झाल्यावर. रेबीजची तीन महिने झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. एक लस झाली म्हणजे झालं, असं समजून पिल्लू गमावलेली घरं मला माहीत आहेत.

तुमच्या घरी आधीचं पिल्लू पार्व्होनं गेलं असेल तर नवं लगेच आणू नका. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनाईलनं मरत नाही. एक वाटी ब्लीच आणि तीस वाट्या पाणी असं करून फरशी, भांडी, साखळी दहा मिनिटं भिजवा, मग धुवा. त्यात टॉयलेटचं ॲसिड कधी मिसळू नका. मातीचं अंगण असं धुता येत नाही, म्हणून तिथे लसी पूर्ण झालेलं मोठं कुत्रं आणणं बरं.

पूर आला तर?

सांगलीत हा प्रश्न विचारावाच लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कृष्णाकाठी राहत असाल तर ४० चा आकडा कानावर पडला की पिल्लाची पिशवी भरा: चार-पाच दिवसांचं खाणं, लसीचं कार्ड, पट्टा, एक जुनी चादर. घर सोडताना पिल्लू सोबत न्या. अगदीच नाइलाज झाला तर निदान साखळी काढून वरच्या मजल्यावर सोडा. बांधलेल्या कुत्र्याला पोहून सुटण्याचीही संधी नसते.

पाणी ओसरल्यावर चिखलात आणि साठलेल्या पाण्यात पिल्लू सोडू नका. उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टो कुत्र्याला होतो आणि आपल्यालाही. काही एकत्रित लसींत त्याचाही समावेश असतो, डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

घरात लहान मूल आहे. पिल्लानं चावलं तर?

खेळताना दात लागणारच. पण लस न झालेल्या पिल्लाचा दात लागून साधा ओरखडा आला तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वर हळद, चुना, तिखट काही लावू नका. सरकारी दवाखान्यात रेबीजची इंजेक्शनं मोफत मिळतात आणि ती दंडावर घेतात. पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार केव्हाच संपला. "घरचंच पिल्लू आहे" म्हणून टाळू नका. रेबीज एकदा झाला की त्याला औषध नाही.

जंताचं औषध पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्या. पिल्लाच्या पोटातले जंत मुलांना होतात. आणि पिल्लू जेवत असताना, झोपलेलं असताना मुलानं हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.

रात्री रडतं. बाहेर बांधून ठेवलं तर सवय होईल का?

भीतीची सवय होत नाही. पहिले आठ-दहा दिवस तुमच्या अंथरुणाशेजारी खोक्यात झोपवा. आईच्या अंगाखालचं फडकं मिळालं तर आणा. लहान पिल्लाला रात्री साखळी नकोच, गळ्यात पीळ बसतो.

रात्री-अपरात्री काही झालं तर कुणाकडे जायचं?

हे पिल्लू यायच्या आधी ठरवा. रविवारी कोण उघडं असतं, रात्री फोन कोण उचलतं, सलाईन आणि रक्ततपासणीची सोय कुठे आहे, हे तीन प्रश्न जवळच्या दोन-तीन दवाखान्यांत जाऊन विचारा. मोठ्या उपचारांसाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पण सांगलीहून ते अंतर विषबाधेच्या घाईत उपयोगाचं नाही.

आणि दर रविवारी पिल्लाचं वजन करा. आधी त्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी. औषधाचा प्रत्येक डोस त्या आकड्यावर ठरतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर तांबीचं वजन आणि तारीख, दोन डॉक्टरांचे नंबर, आणि शेजारच्या रिक्षावाल्या काकांचा.